आपल्याकडे म्हैस नाही, फुफी

भोर, बुधवार, ११ ऑगस्ट २००४
एसटी स्टँडबाहेर, अब्बांच्या जीपमध्ये, पुढच्या सीटवर

आदरणीय मोठ्या फुफींच्या खिदमतीत,

हुमाचा अदबीने सलाम. आम्ही सगळे इथे खुशाल आहोत. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? डाव्याचीही चौकशी करते, कारण मागच्या पत्रात मी फक्त उजव्याचं विचारलं होतं आणि ते मला नंतर फार लागून राहिलं. साखर तपासलीत का? आसिफभाईंचं सौदीहून पत्र आलं का? अम्मीचा सलाम. अब्बांचा सलाम मुद्दामच लिहीत नाही. का, ते पुढे येईल.

पत्र नेहमीप्रमाणे शेजारची तमन्ना तुम्हांला वाचून दाखवेल, याची मला कल्पना आहे. (तमन्ना, कंसातला मजकूर फक्त तुझ्यासाठी आहे, तो मोठ्याने वाचू नकोस. फुफींनी आधी पाणी प्यायलं आहे ना, आणि त्या भिंतीला टेकून बसल्या आहेत ना, एवढं बघ आणि मग पुढे जा.)

तर फुफी, तुम्ही पुण्याच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर पाठवलेली पितळी घंटा पोचली. पोच कळवायला पंधरा दिवस लागले, त्याची माफी असावी. घंटा वजनदार आहे, आवाज लांबवर जातो, आणि तांबड्या गोंड्यामुळे ती फार शोभून दिसते. फक्त एक गोष्ट अशी, की आपल्याकडे म्हैस नाही.

पूर्वी होती आणि मेली, असंही नाही. आपल्याकडे म्हैस कधीच नव्हती. पत्र्याच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं आणि अम्मीची शिलाई मशीन, तिथे म्हैस राहिली असती तर आमच्यापैकी दोघांना बाहेर झोपावं लागलं असतं. आता तुम्ही म्हणाल, मग तू इतके दिवस गप्प का बसलीस? मी गप्प बसले हे खरंच आहे, आणि ते मला सतत टोचतं. आपल्या घराण्यात शाळेत गेलेली मी पहिली मुलगी. डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, उद्या मुलांना 'नेहमी खरे बोलावे' असं फळ्यावर लिहून देणार आहे. म्हणून आज सगळं लिहायचं ठरवलं. जीप भरायला दहा माणसं लागतात, आत्तापर्यंत सहा आली आहेत, तेव्हा वेळ आहे. गाडी अगदी थांबलेली आहे, हे मी तीनदा बघून घेतलं.

आसिफभाई सौदीहून रजेवर तुमच्याकडे, आईजवळ, आले तेव्हा त्यांनी दोन मोबाईल आणले, एक तुम्हांला, एक अब्बांना. तुम्ही एकट्या राहता, दिवसातून दोनदा भावाचा आवाज ऐकू आला की तुम्हांला जेवण जातं, हे आम्हांला ठाऊक आहे. फोन करू नका असं म्हणायला मी हे पत्र लिहीत नाही, ही गोष्ट कृपा करून सुरुवातीलाच ध्यानात ठेवावी. अडचण रेंजची आहे. भोर ते वेल्हे या आमच्या रोजच्या रस्त्यावर रेंज फक्त दोन ठिकाणी येते. एक, ठकुबाई भाजीवालींना घ्यायला आम्ही आत उत्रोलीला जातो तिथला उतार. आणि दुसरं, वेल्ह्याच्या अलीकडचं शेवटचं वळण, जिथे एका बाजूला दरड आणि दुसऱ्या बाजूला खाली नदी आहे. तुम्ही सकाळपासून नंबर लावून लावून थकता, आणि तो लागतो नेमका या दोन ठिकाणी.

तिथे फोन लागला की तुम्ही म्हणता, "अस्सलामु अलैकुम, लियाकत." आता अब्बांना लहानपणापासून तुम्ही वाढवलंत. दादा, म्हणजे तुमचे अब्बा, गेल्यावर तुम्हीच त्यांना चार लोकांत बसायला-उठायला शिकवलंत. एकदा ते मोठ्यांना सलाम करायला विसरले म्हणून तुम्ही त्यांना भर बाजारपेठेत भोपळ्याच्या ढिगाशेजारी तासभर उभं केलं होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सलाम करायला लावला होता, ही हकिकत अब्बा अजून अभिमानाने सांगतात. तो तासभर त्यांच्या हातात अजून शिल्लक आहे, फुफी. तुमचा आवाज कानावर पडला, की त्यांचा उजवा हात आपोआप कपाळाला जातो. डाव्या हातात मोबाईल असतो. माणसाला हात दोनच असतात. मग स्टेअरिंगवर कोणी नसतं.

हे एकदाच होत असतं तरी चाललं असतं. (चाललं नसतं. पण फुफींना एकदम धक्का नको म्हणून तसं लिहिलं आहे.) तुम्ही आधी स्वतःचा सलाम सांगता, मग अम्मीला, मग मला, मग शेजारच्या रुकसानाखालांना, मग मशिदीतल्या इमामसाहेबांना, आणि प्रत्येक सलाम अब्बा उजव्या हाताने घेतात. मी वहीत नोंद ठेवली आहे. एका फोनमध्ये सरासरी सात सलाम होतात. ईदच्या आठवड्यात एकदा एकोणीस झाले होते, असं ठकुबाई सांगतात. इमामसाहेबांना मी विचारूनही आले. ते म्हणाले, सलामाचा जबाब तोंडाने दिला तरी पुरतो, हात उचलायचं बंधन नाही. मी हे अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, "इमामसाहेबांना माझी आपा म्हाईत न्हाई."

आता ठकुबाईविषयी लिहायला हवं. ठकुबाई उत्रोलीच्या. साठी उलटलेली, वेल्ह्यात रोज भाजी विकतात. त्यांची जागा पुढच्या सीटवर, अब्बांच्या शेजारी. पहिल्यांदा अब्बांचा हात वर गेला, तेव्हा त्यांनी कोथिंबिरीची पेंडी खाली ठेवली आणि शांतपणे स्टेअरिंग धरलं. तेव्हापासून तो रिवाजच पडला. फोन वाजला की अब्बा बोलणार, ठकुबाई धरणार. सहा महिन्यांत एक चूक नाही. "म्या जलमभर बैल हाकल्यात," त्या म्हणतात, "ह्याला तर शेपूटबी न्हाई आन लाथ मारत न्हाई." मागच्या सवाऱ्यांना याचं काहीच वाटत नाही. उलट एखाद्या दिवशी ठकुबाई आल्या नाहीत, तर लोक आधी डोकावून पुढे कोण बसलंय ते बघतात आणि मगच चढतात.

आणखी एक कबुली द्यायची आहे. तुम्ही विचारता, "कुठं हायस रे?" आणि गाडी चालवताना फोन घेतो म्हटलं तर तुम्ही रागवाल, म्हणून अब्बा सांगतात, "घरीच हाय आपा, बसलोय निवांत." मग सगळ्या जीपला घर व्हावं लागतं. ठकुबाई एका हाताने स्टेअरिंग सांभाळत दुसऱ्या हातातल्या बांगड्या दाराच्या पत्र्यावर आपटतात, ती अम्मी भांडी घासते आहे असं समजायचं. गेनबा म्हणून एक म्हातारे रोज असतात, ते कुकरची शिट्टी इतकी हुबेहूब काढतात की मागे बसलेल्यांना भूक लागते. असं छान चाललं होतं. मग एके दिवशी समोरून आलेल्या ट्रकने लांबलचक हॉर्न दिला, आणि तुम्ही विचारलंत, "घरात हे काय वराडतंय?" अब्बांच्या तोंडून निघून गेलं, "म्हैस घेतली आपा." ती ही म्हैस. त्यानंतर तुम्ही रोज तिची चौकशी करायला लागलात, आणि वाटेत ट्रक नसेल त्या दिवशी गेनबांना कुकर सोडून म्हशीचंही काम करावं लागायला लागलं. ते म्हणतात, "लियाकतभाई, मी तिकीट काढून बसतोय आन वर ह्यो तमाशा मीच करायचा?"

आता माझा गुन्हा सांगते. जुलैत मला वेल्ह्याच्या शाळेत सराव पाठ मिळाले, आणि मी रोज अब्बांच्या गाडीने जायला लागले. ठकुबाईंनी स्टेअरिंग धरलेलं मी पहिल्याच दिवशी पाहिलं. शिकाऊ परवान्याची पुस्तिका मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेली आहे. (मला परवाना काढायचा नव्हता. घरात छापील काहीही आलं की मी वाचते.) त्यात बिनपरवाना माणसाने वाहन चालवू नये, असं ठळक अक्षरांत आहे. मी अब्बांना तसं म्हटलं. अब्बा ओशाळले. शिकलेल्या मुलीचा शब्द म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी ठकुबाईंना हात जोडून मागच्या सीटवर बसवलं आणि पुढे मला. ठकुबाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "बस बाई. शाळंत शिकिवलंच असंल."

त्याच सकाळी उत्रोलीच्या उतारावर फोन वाजला. तुम्ही सलाम म्हणालात, अब्बांचा हात कपाळाला गेला, आणि स्टेअरिंग माझ्यासमोर एकटं राहिलं. मागून ठकुबाई ओरडल्या, "पोरी, धर की!" मी हात मांडीवर घट्ट बांधून घेतले आणि म्हटलं, "माझ्याकडे लायसन नाही." गेनबा म्हणाले, "अगं माय, हितं लायसन इचारनार कोन? बेडूक?" पण एवढं होईपर्यंत जीप रस्ता सोडून ज्ञानूभाऊंच्या भाताच्या खाचरात उतरली होती. आदल्या दिवशीच लावणी झालेली. चिखल मऊ होता, त्यामुळे कोणाला खरचटलंही नाही. गाडी मधोमध जाऊन सावकाश रुतली. अब्बांच्या डाव्या हातातला फोन कोरडाच्या कोरडा, आणि तुम्ही विचारत होतात, "हे छपछप काय वाजतंय रे?" अब्बा म्हणाले, "म्हशीला धुतोय, आपा." त्यावर तुम्ही खूश होऊन घंटा पाठवायचं कबूल केलंत.

ज्ञानूभाऊ बांधावर आले. मला वाटलं, आता पोलीस. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "लियाकतभाई, वावरात आलाच हायसा, तर लावनी करूनच जावा." मग आम्ही सगळे, नऊ सवाऱ्या, अब्बा आणि मी डी.एड.च्या आकाशी साडीत, दुपारपर्यंत गुडघाभर चिखलात भात लावत होतो. वेल्ह्याच्या कचेरीत दाखल्यासाठी निघालेल्या रखमाजींनी तर चपला काढायच्या आधीच रोपं हातात घेतली होती, कारण ते कचेरीत जायला गेली दोन वर्षं काही ना काही निमित्ताने चुकत आहेत. निघताना ज्ञानूभाऊ म्हणाले, "वळी पार वाकड्या झाल्या. पर गाडी तरी कुठं सरळ आल्ती?" माझा सराव पाठ बुडाला. पाठाच्या वहीत कारण लिहायचं असतं. मी खरं कारण लिहिलं. बाईंनी त्याखाली लाल शाईने 'भेटा' असं लिहिलं आहे.

तुम्ही म्हणाल, फोन बंद का ठेवत नाही? एकदा त्याची बॅटरी संपली होती, आठवतं? तुम्ही दोन गाड्या बदलून, रडत रडत, तमन्नाला आणि तिच्या सासूला बरोबर घेऊन भोरला आला होतात. अब्बा जेवत होते. ते जिवंत आहेत असं बघून तुम्ही त्यांना एक थोबाडीत दिलीत. दुसऱ्या एका दिवशी गाडीत मीच फोन घेऊन पाहिला, तर तुम्ही विचारलंत, "अब्बा कुठंय गं?" खोटं मला बोलता येत नाही आणि खरं बोलायला अब्बांची मनाई. म्हणून मी फोन कापला. अर्ध्या तासात तुम्ही इमामसाहेबांना फोन लावून जनाज्याची वेळ विचारलीत.

आता घंटा. ती आली त्या दिवशी अब्बा फार गंभीर झाले. आपांनी दिलेली वस्तू घरात नुसती टांगून ठेवणं त्यांना पटेना, आणि म्हैस तर नव्हती. तेव्हा ठकुबाईंनीच तोड काढली. घंटेला सुतळी ओवून त्यांनी ती अब्बांच्या उजव्या मनगटाला बांधली. सलामासाठी हात वर गेला की घंटा वाजणार, आणि पुढे जो बसला असेल त्याने स्टेअरिंग धरायचं. मागच्यांनाही कळतं, ते दांडे घट्ट पकडतात. स्टेअरिंग वळवतानाही ती थोडी वाजते, पण तो आवाज वेगळा आहे, तो आता सगळ्यांना ओळखू येतो. वाटेतल्या वाडीवरची मुलं गारेगारवाला आला म्हणून रस्त्यावर धावत येतात, तेवढाच काय तो त्रास.

इथपर्यंत मी मुद्दाम हसत हसत लिहिलं. आता पुढचं लिहायला मला जड जातं आहे.

मागच्या शनिवारी ठकुबाई लेकीकडे गेल्या होत्या. पुढे मी होते. शेवटच्या वळणावर, नदीच्या बाजूला, फोन वाजला. तुम्ही सलाम म्हणालात. घंटा वाजली. समोरून एसटी आली. फुफी, मला सगळं माहीत होतं. घंटेचा अर्थ माहीत होता, खाचराचा धडाही मिळालेला होता. तरी माझे हात उचलले गेले नाहीत. पुस्तिकेतली ती ठळक ओळ डोळ्यांपुढे उभी राहिली आणि तिच्या पलीकडे एसटीच्या ड्रायव्हरचा चेहरा, इतका जवळ, की त्याची मिशी एका बाजूला कमी कातरलेली होती तेही दिसलं. शेवटी अब्बांनीच अर्ध्या कपाळावरून हात खाली ओढला. एसटी आमच्या आरशाला घासून गेली. आरसा नदीत गेला. एक आरसाच गेला.

गेनबा उतरले आणि वेल्ह्यापर्यंत चालत गेले. अब्बांनी राहिलेला रस्ता पहिल्या गिअरमध्येच काढला. मला वाटलं, घाबरले असतील. वेल्ह्यात पोचल्यावर ते गाडीतून उतरून कचेरीच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले, पुण्याच्या दिशेला तोंड केलं आणि आपांचा अर्धा राहिलेला सलाम पुरा केला. मी शाळेत गेले. फळ्यावर तारीख घालताना माझ्या हातातला खडू तीनदा मोडला. मुलं हसली. मीही हसले. पण तेव्हापासून रोज गाडी त्या वळणाला आली की मी मनात मोजते, अब्बा, मी, ठकुबाई, गेनबा, मागचे सात. आणि आपल्या घरात मोजायला तेवढे एकच अब्बा आहेत.

दहावी सवारी आली. रखमाजी, कचेरीत निघाले आहेत. गाडी सुरू झाली, म्हणून अक्षर हलतं आहे. उत्रोलीला ठकुबाई चढल्या, पण आज मागे भाजीच्या पाट्यांत बसल्या आहेत, मला म्हणाल्या, "तूच बस फुडं. कवातरी शिकावंच लागंल." पत्र वेल्ह्याच्या टपालात टाकेन. तुमच्या प्रकृतीला जपा. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पोटात घाला.

तुमची आज्ञाधारक भाची,
हुमा लियाकत

ताजा कलम: खरं म्हणजे एवढंच विचारायचं होतं. तुम्ही फोन दुपारी दीड ते दोन या वेळात कराल का? तेव्हा जीप वेल्ह्यात उभी असते. कचेरीच्या ओट्यावर चढलं की रेंज येते. तिथे अब्बांना दोन्ही हात मोकळे असतात, एकोणीस काय, एकोणचाळीस सलाम झाले तरी चालतील. फार तर कचेरीतला एखादा शिपाई उलट सलाम करेल.

ताजा कलम दुसरा: (तमन्ना, फुफींना आकडे वाचता येत नाहीत, नंबर तूच लावून देतेस. त्या दीडपर्यंत थांबायला तयार झाल्या नाहीत, तर शेवटचा आकडा चुकीचा दाब.) नाही, ही लबाडी झाली. तमन्ना, हा कंस मोठ्याने वाच. फुफी, मी तमन्नाला लबाडी शिकवत होते, माफ करा. फोन बरोबरच लावा. फक्त दीडला लावा.

ताजा कलम तिसरा: वळण जवळ आलं आहे. फोन अम्मीने आज सकाळीच माझ्या पिशवीत, डब्याच्या खाली, तीन रुमालांत गुंडाळून ठेवला आहे, त्यामुळे आज काळजी नाही, असं मी आत्ता लिहिणारच होते. तेवढ्यात अब्बांनी विचारलं, "कुनाला लिवतीयास एवढं?" खोटं बोलता येत नाही. म्हटलं, "मोठ्या फुफींना." अब्बांचा चेहरा एकदम उजळला. म्हणाले, "आपांना माझा सलाम लिव," आणि फुफी, घंटा वा

ताजा कलम चौथा: वेल्हे, टपाल कचेरी. आम्ही सगळे सुखरूप आहोत. स्टेअरिंग मी धरलं. लायसन नाही. ठकुबाई म्हणतात, वळण चांगलं काढलं, फक्त डोळे उघडे ठेवायला हवे होते. अब्बांचा सलाम कळवला आहे. त्याचा जबाब देणं तुमच्यावर बंधनकारक आहे, हे मला ठाऊक आहे. तो पत्राने पाठवू नका, पत्रं मी गाडीतच वाचून दाखवते. दीड वाजता द्या.